मामाच्या मांडीवर ग्रामसभा

बोरदरीच्या ग्रामपंचायतीसमोर मांडव घालायचा, ही कल्पना खंडेरावाची स्वतःची होती. पुढं जेव्हा जेव्हा हा विषय निघाला, तेव्हा त्यानं ती ग्रामसेवकाच्या नावावर ढकलून पाहिली. पण ग्रामसेवकाला कल्पना सुचतात यावर तालुक्यात कुणाचा विश्वास बसेना.

कल्पना तशी सरळ होती. एक मेला सकाळी झेंडावंदन आणि अकरा वाजता ग्रामसभा. विषयपत्रिकेवर सात विषय होते, पण खरा एकच: गावचं साठ एकर गायरान गोदामं बांधणाऱ्या एका कंपनीला द्यायला गावाची हरकत नाही, असा ठराव. ग्रामसभेला शंभर माणसं लागतात. शंभर भरली नाहीत तर सभा तहकूब करायची, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की तिला किती माणसं असावीत याचं काही बंधन राहत नाही. चार माणसं आणि एक रजिस्टर एवढ्यावर भागतं. गेल्या साडेतीन वर्षांत बोरदरीच्या सगळ्या ग्रामसभा अशा आधी तहकूब होऊन मग पार पडल्या होत्या.

सरपंच अंबिका होती, कारण जागा बाईसाठी राखीव होती. आणि खंडेराव सरपंच होता, कारण तो अंबिकेचा नवरा होता. गावात कुणी 'सरपंच' अशी हाक मारली की तो वळून बघायचा. अंबिका बघायची नाही. तिला सवयच नव्हती.

यंदा मात्र एक अडचण होती, आणि ती त्याच्याच घरात, त्याच्याच वायफायवर राहत होती.

सृष्टी संभाजीनगरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. रोज सकाळी गंगापूर रोडवर काळीपिवळी जीप पकडून जायची, संध्याकाळी तशीच यायची. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला सुट्टी होती म्हणून ती गेली, तर पंचायतीसमोर एक सतरंजी होती आणि सतरंजीवर एक कुत्रं झोपलं होतं. तिनं त्याचं अर्ध्या मिनिटाचं रील केलं. खाली लिहिलं, "ही आपली ग्रामसभा. हजर असलेल्यांचं नाव मतदार यादीत नाही." ते रील एक्केचाळीस हजार लोकांनी बघितलं. बोरदरीची लोकसंख्या बावीसशे. उरलेले अडतीस-एकोणचाळीस हजार कोण आणि त्यांचा बोरदरीच्या कुत्र्याशी काय संबंध, हे खंडेरावाला शेवटपर्यंत कळलं नाही.

तेवढ्यावर थांबली असती तर ठीक होतं. तिनं 'बोरदरी मोजते' नावाचं पान काढलं. चुलत बहीण श्रेया आणि गावातली आणखी वीस-बावीस पोरं-पोरी घेऊन गल्लीवार व्हॉट्सॲप ग्रुप केले. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाजाचे मेसेज. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिनं आजोबांना कॅमेऱ्यापुढं उभं केलं. सोनाजीआबा काठी टेकून, मागं मेंढ्या सोडून सांगू लागले की गायरान म्हंजे काय, त्याच्या चार शिवा कुठं लागतात, आणि बाहत्तरच्या दुष्काळात गावची कोणकोणती जनावरं तिथं जगली. पुण्याहून लोकांनी कमेंटमध्ये लिहिलं, "आजोबा भारी." एकानं मेंढीचा भाव विचारला.

गायरान जायचंय हे आबांना त्या रीलच्या वेळीच कळलं. खंडेरावानं घरात "रस्ता होऊ लागला" एवढंच सांगितलं होतं. त्या दिवसापासून आबा लेकाशी बोलायचे बंद झाले. जे बोलायचं ते मेंढ्यांना उद्देशून बोलायचे.

"खा गं बायांनो," सकाळी कळप सोडताना ते अंगणातून मोठ्यानं म्हणायचे, "औंदा खाऊन घ्या. पुढल्या साली गोदामात जावं लागंल चरायला, चपला काढून."

खंडेराव आत चहा पीत ऐकायचा. उत्तर द्यायचं तर मेंढ्यांना द्यावं लागलं असतं.

मग त्यानं दुसरं सिम घेतलं आणि लेकीच्या मोठ्या ग्रुपात शिरला. नाव ठेवलं जे. एम., म्हणजे जय मल्हार, फोटो खंडोबाचा. दोन मिनिटांत ग्रुपवर सृष्टीचा मेसेज आला: "नवीन सदस्याचं स्वागत. पप्पा, ताट वाढलंय, जेवायला या."

खंडेराव ताटावर येऊन बसला.

"हे काय लावलंय तू?" भाकरी मोडत खंडेराव म्हणाला.

"माणसं मोजू लागले."

"मोजायला मेंढ्या हायत ना घरी."

"त्या बेचाळीस हायत पप्पा. मला शंभर पायजेत."

"आणि येणार हायत व्हय शंभर? गावाला उद्योग नाय?"

सृष्टीनं मोबाईल त्याच्या ताटाशेजारी ठेवला. ग्रुपवर विचारलं होतं, एक मेला सभेला कोण येणार. एकशे सदतीस जणांनी 'येणार' म्हटलं होतं. सगळ्यांत वर त्याच्या आईचं, कस्तुराबाईचं नाव होतं.

"माय, तुझ्याकडं मोबाईल कुठून आला?"

"सृष्टीच्या मोबाईलात म्याच अंगठा दाबला," कस्तुराबाई म्हणाली. "मतदानाला दाबतो तसा."

अंबिका चुलीपुढून भाकरी टाकायला उठली आणि कुणाची बाजू न घेता सगळ्यांच्या ताटात एकेक टाकून गेली. खंडेरावानं तिच्याकडं बघितलं नाही. बायको आपल्याच बाजूची आहे हे गृहीत होतं. गृहीत धरलेल्या गोष्टीकडं कोण बघतं.

त्याला हा ठराव हवाच होता. कंपनीकडून मधे पडलेला पुंडलिकशेठ पक्षात वजन राखून होता, आणि ठराव झाला तर पुढच्या जिल्हा परिषदेला खंडेरावाच्या नावाचा विचार होईल, असं तो तीनदा म्हणाला होता. तिसऱ्यांदा म्हणताना त्यानं खांद्यावर हात ठेवला होता.

रात्रभर विचार करून खंडेरावाला जावळ सुचलं.

त्याची धाकटी बहीण वच्छला मुकुंदवाडीला दिली होती. लग्नानंतर अकरा वर्षांनी तिला मुलगा झाला, शिवम. नवसाचा म्हणून तीन वर्षं त्याच्या केसाला कात्री लागली नव्हती. संभाजीनगरजवळच्या सातारा गावच्या खंडोबाला नेऊन जावळ काढायचं ठरलेलं होतं. खंडेरावानं बहिणीला फोन केला.

"वच्छे, मांडव माझा, दोन बोकड माझे, वाजंत्री माझी. तू निस्तं पोरगं घेऊन यायचं. तारीख तेवढी माझी."

माहेरचं एवढं प्रेम अचानक आलेलं बघून वच्छलानं तारीख पुन्हा एकदा विचारून घेतली. मग हो म्हणाली.

हिशोब असा होता: बोकडाचं जेवण सोडून गायरानावरचा ठराव ऐकायला बोरदरीतला कोणताच माणूस जाणार नाही. आणि मांडव थेट पंचायतीसमोर घातला, तर सभेची जागाच राहणार नाही. अकरा वाजता सगळं गाव जावळात. ग्रामसेवक पायरीवर उभा राहून सभेला आलेली माणसं मोजणार, लिहिणार 'कोरम नाही'. जेवणं झाली, गाव झोपलं, की चार वाजता खंडेरावाच्या ओसरीवर तहकूब सभा.

त्यानं व्हॉट्सॲपवर निमंत्रण टाकलं: "१ मे, सकाळी ११, ग्रामपंचायतीसमोर. भोजनाचा लाभ घ्यावा." आणि गंमत अशी की सृष्टीनं ते निमंत्रण आपल्या सगळ्या ग्रुपवर पुढं पाठवलं. वर लिहिलं, "सगळ्यांनी नक्की यायचंय. वेळ चुकवू नका." खंडेरावाला भरून आलं. शेवटी पोरगी आपलीच, असं तो अंबिकेला म्हणाला. अंबिका म्हणाली, "व्हय."

*

एक मेला सकाळी साडेदहाला ऊन असं होतं की मांडवाच्या कापडातून खाली निळा उजेड पडला होता आणि सगळी माणसं आजारी दिसत होती. टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता, पुढचा चार दिवसांनी. वच्छला रिक्षातून उतरली ती दोन कॅन पाणी घेऊन. मुकुंदवाडीत आठ दिवसांनी त्याच पहाटे नळ आला होता.

"माहेरी पाणी आणायची वेळ आली," ती म्हणाली. "दादा, खंडोबाच्या पायरीवर व्हायचं जावळ पंचायतीच्या पायरीवर कामून?"

"देव सगळीकडं हाय."

"पंचायतीत बी?"

खंडेरावानं तिला मांडवाच्या आत ढकललं.

ग्रामसेवक बद्रीनाथ भाऊसाहेब पायरीवर रजिस्टर घेऊन बसला होता. शांत माणूस. नोकरीत अठरा वर्षं झाली होती आणि सात गावं झाली होती.

"भाऊसाहेब, अकरा वाजून पाच झाले की लिहून टाका."

"काय लिहू?"

"नेहमीचं."

"नेहमीचं घरूनच लिहून आणलंय." त्यानं पान उघडून दाखवलं. "निस्ती वेळ घालायची हाय."

पुंडलिकशेठ भाड्याच्या सोफ्यावर बसला होता. शेजारी कुणी बसत नव्हतं, कारण तो सोफा जावयांसाठी आहे असा सगळ्यांचा समज होता. खंडेरावाला बघून त्यानं अंगठा वर केला.

सृष्टी आणि तिची फौज वाढपाला लागली होती. खंडेरावानंच काल विचारलं होतं, वाढायला पोरं कमी पडतील का, आणि ती म्हणाली होती, "ते माझ्याकडं." ते आता दिसत होतं. पोरं माणसांना हाताला धरून पंगतीत बसवत होती. एका पंगतीत पंचवीस, ना एक जास्त ना एक कमी. माळकऱ्यांची वांग्याची पंगत वेगळी. श्रेया प्रत्येक पंगतीला एक वही आणि पेन फिरवत होती. आहेराची वही असेल, असं वाटून खंडेरावानंही तीत सही ठोकली. बायका सही करत होत्या, म्हाताऱ्या अंगठा उठवत होत्या. मुकुंदवाडीच्या पाहुण्यांना मात्र वही दिली जात नव्हती आणि वच्छलाचा दीर त्यावरून नाराज झाला होता.

"आमचा आहेर चालत नाय व्हय?"

"चालतो काका, पण तुमचं नाव इथल्या यादीत नाय," श्रेया म्हणाली आणि पुढं गेली.

तेवढ्यात फकिरा न्हाव्यानं पाट मांडला आणि हाक मारली, "मामा कुठं हायत? मामाला आणा."

जावळात पोर मामाच्या मांडीवर बसतं. शेवटचा केस निघेपर्यंत मामानं उठायचं नसतं. हा रिवाज खंडेरावाला माहीत नव्हता असं नाही. पण ज्या दिवशी त्यानं जागा आणि वेळ ठरवली, त्या दिवशी तो सरपंच म्हणून विचार करत होता. मामा म्हणून केलाच नव्हता.

तो पाटावर बसला. डोक्याला फेटा बांधला गेला. मांडीवर शिवम दिला गेला. शिवमची आत्या पदर पसरून समोर बसली, जावळ भुईवर पडू नये म्हणून. फकिरानं वस्तरा चामड्यावर दोनदा फिरवला. शिवमनं वस्तरा बघितला, मग मामाकडं बघितलं, आणि जी किंकाळी फोडली तिनं वाजंत्रीवाले थांबले.

त्या शांततेत अंबिका चुलाणाकडून आली. तिनं पदराला हात पुसले. वाजंत्रीवाल्यांजवळ एक प्लास्टिकची खुर्ची होती ती ओढून मांडवाच्या मधोमध ठेवली आणि तीवर बसली. तिच्या हातात एक निळी पुस्तिका होती. खंडेरावानं ती ओळखली. दोन वर्षांपूर्वी महिला सरपंचांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तिथं मिळालेली. नवऱ्यांना आत सोडत नव्हते म्हणून तो तीन दिवस बाहेर चहा पीत बसला होता. तिच्या सरपंचकीतली तेवढीच एक गोष्ट तिच्या जागी त्यानं केली नव्हती.

"भाऊसाहेब," अंबिका माईकमध्ये म्हणाली, "अकरा वाजले. सभा सुरू करा."

मांडवात कुणी हललं नाही. पंगती आधीच बसलेल्या होत्या.

"वहिनी," बद्रीनाथ पायरीवरून म्हणाला, "कोरम नाय."

"मोजा."

"हे जावळाला आलेत वहिनी."

"जागा लिहिलेली हीच हाय ना? वेळ हीच हाय? मग आलेला माणूस कशाला आला ते विचारा, असं कुठं लिहिलंय? दाखवा." तिनं पुस्तिका पुढं केली.

बद्रीनाथ खाली उतरला. त्यानं पुस्तिका घेतली, चष्मा लावला, ते पान वाचलं, मग मागचं पान वाचलं. अठरा वर्षांत त्याला सगळ्या प्रकारचे सरपंच भेटले होते, पण पुस्तिका वाचलेला हा पहिलाच. तोवर श्रेयानं वही त्याच्या हातात ठेवली होती. सहा पंगती, पाहुणे वगळून आणि वाढपी धरून एकशे अठ्ठेचाळीस सह्या आणि अंगठे.

त्यानं खंडेरावाकडं बघितलं. मग अंबिकेकडं. मग घरून लिहून आणलेल्या पानावर एक उभी रेघ मारली.

"कोरम हाय, मॅडम," तो म्हणाला.

खंडेराव ताडकन उठायला गेला.

"सरपंच, हलू नका!" फकिरा ओरडला. "वस्तरा हाय, पोराचा कान जाईल."

खांद्यावर मागून एक हात पडला. कस्तुराबाईचा. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या हाताला एवढं वजन कुठून आलं कुणास ठाऊक.

"बस खाली. अर्ध्या जावळात मामा उठत नसतो."

"माय, सभा चालू झाली तिकडं!"

"होऊ दी. सभा दर तीन महिन्याला व्हती. जावळ एकदाच व्हतं."

वच्छला एवढा वेळ पोराचे हात धरून बसली होती. तिनं मांडवाकडं बघितलं, अंबिकेकडं बघितलं, सोफ्यावरून उठून उभ्या राहिलेल्या पुंडलिकशेठकडं बघितलं. शेवटी भावाकडं.

"म्हणून तारीख तुझी व्हती व्हय, दादा?"

खंडेरावानं मांडीवरचं पोर सावरलं.

"अकरा वर्षं खंडोबाला हात जोडले म्या. आणि तू माझ्या पोराच्या जावळामागं लपून ठराव करू लागला?"

"वच्छे, तुला कळत नाय त्यातलं."

"नाय ना कळत." ती फकिराकडं वळली. "फकिराकाका, घाई करू नका. पोर नाजूक हाय. येकेक केस बघून काढा."

फकिरा खंडेरावाकडं न बघता म्हणाला, "तसंच करतो, बाई. आपल्याला कुठं जायचंय."

पुंडलिकशेठ मांडवाच्या कडेकडेनं आला आणि वाकून कुजबुजला, "सरपंच, काहीतरी करा की."

"काय करू? मांडीवर भाचा हाय."

"पोरगं आईकडं द्या ना दोन मिनिटं."

"हा कोण हाय रे?" कस्तुराबाईनं मोठ्यानं विचारलं. "पावणा हाय तर पंगतीत बसव. आन बोलायला आला असंल तर तिकडं सभेत बोल म्हणावं."

पुंडलिकशेठ पंगतीत बसला नाही आणि सभेतही बोलला नाही. मोबाईल कानाला लावून गाडीकडं गेला.

अंबिकेनं विषय वाचला. आवाज फारसा चढला नाही, पण माईक चांगला होता. खंडेरावानं संभाजीनगरच्या शहागंजातून खास मागवला होता. श्रेयानं मोबाईल उभा धरून सगळं लाईव्ह चालवलं होतं.

पहिला कडुबा उठला. त्याची दोन पोरं बारावी होऊन घरी होती. "गोदाम आलं तर पोरं तरी कामाला लागतील. गायरानात काय हाय? कुसळं."

"किती पोरं लागतील, काका?" सृष्टीनं विचारलं.

"लागतील की. वॉचमन तरी."

"साठ एकराला वॉचमन किती लागतात?"

"दोन," आबा बसल्या जागेवरून म्हणाले. "म्या तर येकटाच राखतो."

गाव हसलं. कडुबाही हसला, पण खाली बसला नाही. "हसा. पोरं माझी घरी हायत," तो म्हणाला, आणि मग बसला. त्यावर कुणी हसलं नाही.

"मला बोलायचंय," खंडेराव पाटावरून म्हणाला.

मांडव वळला. एका बाजूनं भादरलेल्या डोक्याचं पोर छातीशी धरून, फेटा तिरका झालेला, असा तो बसला होता.

"बोला," अंबिका म्हणाली. "आधी नाव सांगा. लिहायचं हाय."

तिनं हे थट्टेनं म्हटलं असतं तर त्याला काहीतरी उत्तर सुचलं असतं. ती खरंच लिहायला सांगत होती. बद्रीनाथ पेन धरून थांबला होता.

"खंडेराव सोनाजी शिंगाडे," तो म्हणाला.

आणि मग तो बोलला. आणि लोकांनी नंतर कबूल केलं की बरा बोलला. म्हणाला, आबाच्या तरणेपणी तीनशे मेंढरं व्हती, आज बेचाळीस हायत, ती काही कंपनीनं खाल्ली नाहीत. पाझर तलाव दोन सालं कोरडा हाय. गावातलं तरणं पोरगं मेंढरं राखणार नाय, माझी पोरगी बी राखणार नाय, ती राखण्याचे व्हिडिओ करणार. शहर वाळूजपर्यंत आलं, ते आपल्याला विचारून आलं नाय. आज विचारू लागले तर हा म्हणा, उद्या न विचारता नेतील.

मधे दोनदा शिवम रडला आणि दोनदा त्याला थोपटावं लागलं.

"पप्पा, उद्या न विचारता नेतील तर नेऊ द्या," सृष्टी म्हणाली. तिचा आवाज रीलमधल्यासारखा नव्हता. "पण आज विचारलंय ना? मग आज गावाला सांगू द्या की. तुम्ही तर विचारूच दिलं नसतं."

पोर रडत होतं, म्हणून खंडेराव त्याच्याकडं बघत राहिला.

"हात वर करून घेऊ," अंबिका म्हणाली. "गायरान देऊ नाय, असं म्हणणारे."

हात वर झाले. पोरं पंगतीपंगतीनं मोजत गेली. माळकऱ्यांच्या पंगतीत एकानं दोन्ही हात वर केले होते, त्याला एक खाली घ्यायला लावला. कस्तुराबाईनं उजवा हात वर केला. डावा अजून लेकाच्या खांद्यावर होता. सगळे मिळून एकशे एकोणचाळीस भरले.

"द्यावं म्हणणारे."

कडुबाचा हात वर गेला. त्याच्या मागं आणखी सात. कडुबानं आजूबाजूला बघितलं, हात थोडा खाली आला, पुन्हा वर गेला. आठ.

मग कुणी न सांगता सगळे पाटाकडं बघू लागले. एकच मत उरलं होतं. शिवम रडून रडून मामाच्या छातीवर झोपला होता, अर्ध्या डोक्याला केस, अर्ध्याला नाहीत. त्याचं सगळं वजन खंडेरावाच्या दोन्ही हातांवर होतं.

सोनाजीआबा उठले. काठी टेकत पंगतीमधून वाट काढत ते पाटापाशी आले. महिनाभर ते लेकाशी सरळ एक शब्दही बोलले नव्हते.

"खंडू, आण, पोर माझ्यापाशी दे," ते म्हणाले. "तू हात वर कर."

"अहो, जावळ अर्धं हाय," कस्तुराबाई म्हणाली.

"मामाचा बाप हाय म्या. तेवढा येळ चालतं." त्यांनी काठी बगलेत धरली आणि दोन्ही हात पुढं केले. नुकतं जन्मलेलं कोकरू घ्यायला करतात तसे, तळवे वर, बोटं सैल. "तुझं म्हणणं तू सांगितलं. आता हात बी कर. कुणी कायबी म्हणणार नाय."

कस्तुराबाईनं खांद्यावरचा हात काढला. मांडवात फक्त चुलाणावरच्या रश्शाचा आवाज होता. गाडीपाशी पुंडलिकशेठ फोन खाली घेऊन बघत होता. सृष्टीनं श्रेयाच्या मोबाईलवर हात ठेवला आणि तो खाली केला.

खंडेरावानं बापाच्या हातांकडं बघितलं.

"राहू द्या आबा," तो म्हणाला. "आत्ता कुठं झोपलंय ते."

आबा हात तसेच धरून आणखी थोडा वेळ उभे राहिले, नीट ऐकलं का याची खात्री करत असल्यासारखे. मग त्यांनी काठी भुईवर टेकली.

बद्रीनाथ खाकरला. "एकशे एकोणचाळीस आणि आठ. मॅडम, सरपंचांचं काय लिहू?"

"सरपंच इथं बसलीय, भाऊसाहेब," अंबिका म्हणाली. "त्यांचं नाव तुमच्यापाशी हाय. हजर लिहा. मत दिलं नाय, असं लिहा."

ती हे म्हणताना पहिल्यांदा नवऱ्याकडं बघत होती. तोही बघत होता. बद्रीनाथनं ते तसंच्या तसं लिहिलं आणि सहीसाठी रजिस्टर तिच्याकडं वळवलं. तिनं लिहिलेलं सगळं वाचून काढलं, मग सही केली. वेळ लागला, वाढपी पोरं पत्रावळ्या धरून थांबली होती.

आबा परत पंगतीकडं गेले नाहीत. पाटाच्या कडेलाच खाली बसले आणि पोराचे लोंबते पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतले.

फकिरानं वस्तरा धोतराला पुसला. "करू का पुरं?" त्यानं हळूच विचारलं.

"कर," खंडेराव म्हणाला. "पण उठवू नको."